नाक दाबणाऱ्यांचं जग : व्यापार, अवलंबित्व आणि परराष्ट्र धोरण

उत्तरायण (धागाकर्ता)

५ ऑगस्ट १९१४ची पहाट. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून काही तासच झाले होते. 'अलर्ट' नावाचं ब्रिटिश केबल-जहाज इंग्लिश खाडीत गेलं आणि त्याने समुद्रतळावरच्या जर्मन तारा वर ओढून तोडून टाकल्या. एकही तोफ न डागता जर्मनीचा बाहेरच्या जगाशी असलेला थेट संपर्क तुटला. पुढे जर्मनीला आपले गुप्त संदेश इतरांच्या तारांवरून धाडावे लागले. त्या तारा ब्रिटनवरून जात आणि ब्रिटिश हेर त्यांवर कान ठेवून बसलेले होते. जानेवारी १९१७मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोसाठी पाठवलेली तार अशीच सापडली. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असं आमिष तिच्यात होतं. तार जाहीर झाल्यावर अमेरिकेतलं जनमत खवळलं आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण जागतिकीकरण म्हटलं की आपण १९९१नंतरचाच काळ धरतो. १९१४चं जगही तारा, आगबोटी, सोनं आणि कर्जरोखे यांनी घट्ट विणलेलं होतं. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. इतका व्यापार असताना लढाई कुणालाच परवडणार नाही, असं तेव्हाच्या जाणत्या लोकांनी लिहून ठेवलं होतं. १९९०च्या दशकात तेच पुन्हा, जवळपास तितक्याच खात्रीने म्हटलं गेलं.

व्यापाराने देश जोडले जातात हे खरंच आहे, पण ते सारख्या जोराने जोडले जात नाहीत. जाळं मोठं होत जातं तशा त्यातल्या थोड्या गाठी जाड होत जातात आणि बहुतेक येणंजाणं त्यांतूनच व्हायला लागतं. त्या गाठी ज्याच्या ताब्यात, त्याला सैन्य न हलवता दुसऱ्याचं नाक दाबता येतं. बँकांचे आंतरराष्ट्रीय संदेश पोहोचवणारी स्विफ्ट ही संस्था बेल्जियममधली; दोनशेहून अधिक देशांतल्या अकरा हजारांवर वित्तसंस्था ती वापरतात. २०१२ साली इराणच्या बँका तिच्यातून काढल्या गेल्या, मार्च २०२२मध्ये रशियाच्या सात बँका. अतिसूक्ष्म चिप छापणारी ईयूव्ही यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. ती चीनला मिळू नयेत म्हणून अमेरिकेने वर्षानुवर्षं मुत्सद्देगिरी केली आहे. उलट बाजूला, मोटारी, पवनचक्क्या आणि क्षेपणास्त्रं या सगळ्यांत लागणाऱ्या चुंबकांसाठी जी दुर्मिळ मृदा खनिजं लागतात, त्यांच्या शुद्धीकरणाचा फार मोठा हिस्सा चीनकडे आहे.

या शेवटच्या बाबतीत जपानचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१०मध्ये, जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी नौका जपानी तटरक्षक दलाच्या नौकांवर आदळली आणि जपानने तिच्या तांडेलाला अटक केली. काही दिवसांत जपानकडे निघालेली दुर्मिळ खनिजं चिनी बंदरांत अडली. बंदी घातल्याचं चीनने कधी मान्य केलं नाही. तांडेल सुटला, पण जपानचं सरकार त्यानंतर गप्प बसलं नाही. २०११मध्ये सरकारी संस्था आणि एक व्यापारी कंपनी यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाणकंपनीत २५ कोटी डॉलर घातले. साठे केले. कमी खनिजात तेच काम करणाऱ्या चुंबकांवर संशोधन केलं. अमेरिका आणि युरोपीय संघाबरोबर जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला आणि २०१४मध्ये तो जिंकला. सुमारे ९० टक्क्यांवर असलेलं चीनवरचं अवलंबित्व सुमारे ६० टक्क्यांवर आलं.

एवढं करूनही ६० टक्के उरलंच, आणि चीनशी व्यापार तोडावा असं जपानने कधी मनात आणलं नाही. संबंध ठेवायचे आणि दुसरी वाट गरज पडण्याआधी तयार करायची, हे मला आजच्या परराष्ट्र धोरणाचं मुख्य काम वाटतं. तुमचं मत वाचायला आवडेल, विशेषतः ज्यांना हे पटत नाही त्यांचं.

---

वाटसरू

मला पटत नाही, म्हणून पहिला मीच लिहितो.

"दुसरी वाट" म्हणजे दुसरा परका. आज ऑस्ट्रेलिया मित्र आहे, उद्याचं कोण सांगणार? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर ओंजळ बदलून काय उपयोग? अन्न, इंधन, औषधं, शस्त्रं आणि संदेशवहन एवढं तरी प्रत्येक देशाने आपल्या हद्दीत उभं करावं. महाग पडलं तरी करावं. मार्च २०२०मध्ये इटलीत माणसं मरत असताना जर्मनी आणि फ्रान्सने मास्क बाहेर जाऊ दिले नाहीत. तिघेही युरोपीय संघात, तिघेही नाटोत. अडचणीत सख्ख्या मित्राचंही दार बंद होतं, हे त्या महिन्यात सगळ्या जगाने पाहिलं आहे.

---

उत्तरायण

वाटसरू, मास्कचं उदाहरण मला मान्य आहे आणि ते विसरू नये असंच आहे. पण घरातच सगळं बनवल्याने धोका जातो, हे मान्य नाही.

अमेरिकेत तान्ह्या बाळांची दूधपावडर जवळजवळ पूर्णपणे देशातच बनते. आयातीवर जकात आणि नियमांची भिंत होती. फेब्रुवारी २०२२मध्ये मिशिगनमधला एक मोठा कारखाना दूषिततेच्या शंकेने बंद पडला आणि काही आठवड्यांत दुकानांतले फळ्यांवरचे डबे संपले. शेवटी लष्करी विमानाने युरोपातून पावडर आणावी लागली. शत्रू नव्हता, निर्बंध नव्हते, समुद्रही मध्ये नव्हता. थोड्याच कारखान्यांवर सगळा भार होता, एवढंच.

शिवाय "आपल्या हद्दीत" म्हणजे नेमका कोणता टप्पा? भारत जगाला स्वस्त औषधं पुरवतो. पण ३ मार्च २०२०ला भारतालाच पॅरासिटामॉलसह २६ औषधद्रव्यं आणि त्यांपासून बनणाऱ्या औषधांच्या निर्यातीवर बंधनं घालावी लागली, कारण त्यांच्या मूळ कच्च्या मालासाठी तो चीनवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. गोळी देशात, गोळीचं मूळ परदेशात. तुमची पाच क्षेत्रं अशी एकेक टप्पा मागे नेत गेलात तर पन्नास होतील.

---

दर्यावर्दी

व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून समुद्राबद्दल लिहितो. धाग्यात सामुद्रधुन्या आल्याच नाहीत याचं आश्चर्य वाटलं.

होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी साधारण ३३ किलोमीटर आहे, आणि जग जेवढं तेल जाळतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून जात आला आहे. मलाक्का तर सिंगापूरजवळ तीन किलोमीटरच्या आत येते. चीनच्या तेलाचा मोठा भाग मलाक्कातून जातो म्हणून तेव्हाचे चिनी राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी २००३मध्येच ही आपली मोठी अडचण असल्याचं बोलून दाखवलं होतं. म्यानमारमधून नेलेल्या तेल-वायूच्या नळवाहिन्या आणि पाकिस्तानातलं ग्वादर बंदर यांच्यामागे ही काळजी आहे.

पण लोकांना कळत नाही ते पुढचं. जहाज कोणत्या देशाचं, याचं सरळ उत्तर आता नसतं. १९ नोव्हेंबर २०२३ला येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' पकडलं. इस्रायली उद्योजकाशी संबंध असल्याचं कारण देऊन पकडलं. ध्वज बहामाचा. जहाज भाड्याने चालवणारी कंपनी जपानी. वरचे २५ खलाशी फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, रोमानिया आणि मेक्सिकोचे. त्यांच्यात इस्रायलचा एकही नव्हता. ते सुटले जानेवारी २०२५मध्ये. एका वर्षाहून जास्त काळ ही माणसं दुसऱ्यांच्या भांडणात ओलीस होती, आणि त्यांची सुटका हे नेमकं कुणाचं कर्तव्य, हे कुठल्याच नियमात धडपणे लिहिलेलं नाही. बहामाकडे नौदल पाठवण्याची ताकद नाही. फिलिपिन्सकडे माणसं होती पण जहाजावर हक्क नव्हता. शेवटी ओमानच्या मध्यस्थीने ते बाहेर आले.

त्या काळात बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. आशिया-युरोप फेरीत दहा ते चौदा दिवस वाढले. स्वस्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी एका सशस्त्र गटाने जगाच्या व्यापाराची वाट बदलून दाखवली. अमेरिका आणि ब्रिटनने बॉम्बफेक केली, तरी जहाजं लगेच परतली नाहीत. का? विमा. युद्धजोखमीचा हप्ता खाली आल्याशिवाय मालक जहाज पाठवत नाही, आणि एका क्षेपणास्त्रानेही हप्ता वर जातो. सामुद्रधुनी "बंद" करायला तिथे नौदल उभं करावं लागत नाही. विमा कंपनीला घाबरवलं की पुरतं.

---

निळी शाई

दर्यावर्दी, विम्याचा मुद्दा काढलात म्हणून संगणकाच्या बाजूने भर घालते. माझं काम याच क्षेत्रातलं आहे.

२७ जून २०१७ला नॉटपेट्या हा विषाणू पसरला. सुरुवात युक्रेनमधून झाली. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी वापरतात त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये तो घुसवला होता. लक्ष्य युक्रेन होतं. पण ज्या बहुराष्ट्रीय कंपनीची युक्रेनमध्ये एक छोटी कचेरी होती, तिच्या आतल्या जाळ्यातून तो जगभर गेला. मर्स्क ही जगातली एक सर्वांत मोठी कंटेनर वाहतूक कंपनी. तिला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या सगळ्या संगणकांची ओळख-परवानगी ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी एकच शाबूत सापडला, घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती म्हणून तो वाचला. तो डेटा इंटरनेटवरून पाठवायला फार वेळ लागला असता, घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन लंडनला नेली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढे कोर्टात झालं. मर्क या औषध कंपनीने सुमारे १.४ अब्ज डॉलरची नुकसानभरपाई मागितली. हा रशियाचा हल्ला आहे, म्हणजे युद्धकृत्य आहे, आणि युद्ध पॉलिसीतून वगळलेलं आहे, असं विमा कंपन्यांनी सांगितलं. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने मे २०२३मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं. ते कलम पारंपरिक युद्धासाठी लिहिलेलं आहे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या विषाणूला ते लागू होत नाही, असा निकालाचा सूर होता.

विमा बाजाराने तोवर आपली सोय बघितली होती. देशांच्या पाठबळाने झालेले मोठे सायबर हल्ले पॉलिसीतून स्पष्ट शब्दांत वगळा, असा आदेश लंडनच्या लॉइड्सने ऑगस्ट २०२२मध्येच काढला होता. म्हणजे हल्ला करणारं सरकार नाकबूल, विमा कंपनी बाजूला, आणि ज्या कंपनीचं किंवा रुग्णालयाचं नुकसान झालं ती एकटी. हा हल्ला युद्ध आहे की गुन्हा, हे ठरवायला सरकारं कचरतात, कारण युद्ध म्हटलं तर प्रत्युत्तर द्यावं लागतं. नॉटपेट्यामागे रशियाचं लष्कर आहे हे अमेरिका आणि ब्रिटनने उघडपणे म्हटलं ते फेब्रुवारी २०१८मध्ये, आठेक महिन्यांनी.

---

नवखा

घानाचा प्रसंग अजिबात माहीत नव्हता. वाचतो आहे, लिहीत राहा.

---

ओवी

सगळ्यांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण यात सारखं "देश" एवढंच येतं आहे. नाक देशाचं दाबतात आणि श्वास कोंडतो तो भलत्याचाच.

ऑगस्ट २०२१मध्ये तालिबानने काबूल घेतलं तेव्हा अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये होते. ते गोठवले गेले. तालिबानच्या हाती पैसा जाऊ नये हा हेतू समजू शकतो. पण बँकांत रोकड उरली नाही, शिक्षक आणि परिचारिकांचे पगार थकले, आणि त्या हिवाळ्यात अर्ध्याहून अधिक लोकसंख्येपुढे पोटाचा प्रश्न असल्याचं संयुक्त राष्ट्रं सांगत होती. मुलींच्या शाळा बंद करणाऱ्या राजवटीला शिक्षा व्हायची ती झाली नाही. वर्षभराने त्यातले साडेतीन अब्ज स्वित्झर्लंडमधल्या एका निधीत टाकले गेले.

दुसरं उदाहरण वायूचं. रशियाने हात आखडल्यावर युरोपने जगभरातून द्रवरूप वायू विकत घ्यायला सुरुवात केली. जर्मनीकडे आधी एकही आयात टर्मिनल नव्हतं, ते त्यांनी डिसेंबर २०२२मध्ये विल्हेल्म्सहाफेनला सुरू करून दाखवलं, आणि त्याचं सगळीकडे कौतुक झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानने काढलेल्या वायूखरेदीच्या निविदेला एकही बोली आली नाही. जास्त पैसे देणारा आला की जहाज तिकडे वळतं. बांगलादेशातही वीज कपात झाली. युरोपची दुसरी वाट गरिबांच्या ताटातून गेली, असं म्हटलं तर चुकेल का? उत्तरायण, तुमच्या "दुसरी वाट तयार ठेवा" या सल्ल्यात ही माणसं कुठे आहेत?

---

वाटसरू

ओवीताई, वाईट वाटतं, पण कुठल्याही परराष्ट्र मंत्रालयाचं पहिलं उत्तरदायित्व स्वतःच्या नागरिकांशी असतं. भारताने जुलै २०२३मध्ये बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगातल्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के, त्यामुळे भाव भडकले आणि पश्चिम आफ्रिकेच्या देशांना झळ बसली. तरीही देशातला भाव आटोक्यात ठेवणं हे सरकारचं कामच होतं. दुसऱ्या कुठल्याही सरकारने तेच केलं असतं.

माझा मुद्दा यातून बळकटच होतो. संकट आलं की प्रत्येकजण आपापलं बघतो.

---

ओवी

बघतो, हे खरं. म्हणूनच शांततेच्या काळात केलेले करार महत्त्वाचे. त्या बंदीतही काही देशांना, त्यांच्या सरकारांनी विनंती केल्यावर, ठरावीक तांदूळ दिला गेला. ज्यांचे संबंध चांगले होते त्यांना मिळाला. तुम्ही म्हणता तसं दार बंद होतं, पण ते कुणासाठी किलकिलं ठेवायचं हे आधीच्या संबंधांवर ठरतं, आणि ते संबंध म्हणजेच परराष्ट्र धोरण ना?

---

पानगळ

थोडं कायद्याचं. "राष्ट्रीय सुरक्षा" हे कारण दिलं की व्यापाराचे सगळे नियम बाजूला ठेवता येतात का? १९४७च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या कलम २१मध्ये ती मुभा आहे, आणि भाषा अशी की देशाला स्वतःला जे आवश्यक वाटेल ते त्याने करावं. सत्तरेक वर्षं हे कलम फारसं कुणी ताणलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की एकाने ताणलं तर सगळेच ताणतील.

एप्रिल २०१९मध्ये युक्रेन-रशिया वाहतुकीच्या खटल्यात जागतिक व्यापार संघटनेत त्यावर पहिल्यांदा निकाल आला. त्या प्रकरणात रशियाची बाजू मान्य झाली, पण हे कारण खरं आहे की नाही ते आम्ही तपासू शकतो, असंही पंचांनी बजावलं. त्याच सुमारास अमेरिकेने कॅनडा आणि युरोपसह अनेक देशांच्या पोलादावर सुरक्षेच्या नावाखाली जकात बसवलेली होती. डिसेंबर २०२२मध्ये निकाल अमेरिकेविरुद्ध गेला. अमेरिकेने तो धुडकावला आणि अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ मात्र डिसेंबर २०१९पासून ठप्प आहे, कारण त्याच्यावरच्या नेमणुका अमेरिकेनेच रोखून धरल्या आहेत. जपानने २०१४मध्ये जिंकला तसा खटला आज कुणी जिंकला तरी हरलेल्याने अपिलात तो लटकवून ठेवला की संपलं. लहान देशांचं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं आहे, असं मला वाटतं. बलवानाला न्यायालय नसलं तरी चालतं.

---

उत्तरायण

पानगळ, मनापासून आभार. जपानने वापरलेलं एक साधन आता जवळजवळ मोडीत निघालं आहे, हे मूळ लेखात यायला हवं होतं.

लहान देशांबद्दल: नोव्हेंबर २०२१मध्ये लिथुआनियाने विल्नियसमध्ये तैवानच्या नावाने प्रतिनिधी कचेरी उघडू दिली. डिसेंबरात चीनच्या सीमाशुल्क यंत्रणेतून लिथुआनिया हे नावच दिसेनासं झालं. तिथून निघालेला माल नोंदवताच येईना. लिथुआनियाचा चीनशी थेट व्यापार अगदी थोडा, त्यामुळे एवढ्याने ते वाकले नसते. खरा दाब आडून आला. लिथुआनियात बनलेले सुटे भाग वापरणाऱ्या जर्मन कंपन्यांचा माल अडू लागला आणि त्या कंपन्या लिथुआनियाच्या सरकारवर नाराज झाल्या. एकट्या देशाच्या स्वयंपूर्णतेने यावर काय होणार होतं? २८ लाखांचा देश पाचही क्षेत्रं हद्दीत कशी उभी करणार? उपाय निघाला तो सगळ्यांनी मिळून काढलेला. डिसेंबर २०२३मध्ये युरोपीय संघाचा दबावविरोधी कायदा अमलात आला. एका सदस्यावर दबाव आला तर सगळा संघ प्रत्युत्तर देऊ शकेल, अशी तरतूद त्यात आहे.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२०मध्ये त्यांनी कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली आणि चीनने त्यांच्या सातूवर ८० टक्क्यांच्या वर, वाइनवर २०० टक्क्यांच्या वर जकात लावली, कोळसाही अडवला. पण लोहखनिजाला हात लावला नाही, कारण चीनच्या पोलाद कारखान्यांना ते ऑस्ट्रेलियाशिवाय दुसरीकडून तेवढ्या प्रमाणात मिळत नव्हतं. सातू सौदी अरेबियासारख्या गिऱ्हाइकांकडे गेला. वाइनवाल्यांना मात्र तेवढी मोठी बाजारपेठ पटकन सापडली नाही, ते बरेच पोळले. सातूवरची जकात ऑगस्ट २०२३मध्ये उठली, वाइनवरची मार्च २०२४मध्ये.

म्हणून वाटसरू, "किती आयात करतो" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. माल बदलून घ्यायला किती वेळ लागेल आणि समोरच्याला आपली काय गरज आहे, हे दोन प्रश्न जास्त कामाचे. सातूला दुसरं गिऱ्हाईक एका हंगामात मिळालं.

आणि ओवीताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं म्हणेन की घाईने शोधलेली वाट दुसऱ्याच्या ताटातून जाते. २०१४मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला तेव्हाच युरोपने वायूची सोय बघायला सुरुवात केली असती, तर २०२२मध्ये पाकिस्तानच्या तोंडचं जहाज वळवावं लागलं नसतं. त्याऐवजी जर्मनीने रशियाकडून दुसरी नळवाहिनी टाकायला घेतली, आणि २०२१मध्ये युरोपीय संघाच्या वायू-आयातीत रशियाचा वाटा सुमारे ४५ टक्के होता. त्या आठ वर्षांच्या आळसाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना त्यात मतही नव्हतं. याचा मला राग येतो.

---

वाटसरू

क्रिमियाचा उल्लेख केलात, तर त्याच वर्षी रशियाने काय केलं तेही बघा. २०१४मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने काही रशियन बँकांची सेवा थांबवली. रशियाने लगेच देशांतर्गत कार्डव्यवहारांची स्वतःची यंत्रणा उभारली, मीर कार्ड काढलं. मार्च २०२२मध्ये दोन्ही कंपन्या पूर्ण बाहेर पडल्या, तरी रशियाच्या आत लोकांची कार्डं चालूच राहिली. हीच माझी स्वयंपूर्णता. आठ वर्षं एकाने झोपून काढली, दुसऱ्याने तयारीत.

---

उत्तरायण

उदाहरण चांगलं आहे आणि ते मान्य. देशाच्या आतली पैशांची देवघेव स्वतःच्या यंत्रणेवर असावी, यावर आपलं एकमत आहे. पण त्याच रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर फेब्रुवारी २०२२मध्ये बाहेर गोठले, आणि त्यांतले बहुतेक युरोपात. कार्ड देशात चालतं. परकीय गंगाजळी देशाच्या आत ठेवण्याची वस्तूच नाही, ती बाहेरच्या व्यवहारासाठी असते.

त्या गोठवणुकीचा एक परिणाम पाश्चात्त्य देशांनी नीट तोललेला नाही असं मला वाटतं. असं हत्यार वापरलं की बाकीचे सगळे बघत असतात. त्यानंतरच्या काळात अनेक मध्यवर्ती बँकांनी सोन्याची खरेदी वाढवली. प्रत्येक वापराने गाठ थोडी सैल होते, कारण ज्यांचं नाक दाबलं गेलं नाही तेही दुसरी वाट शोधायला लागतात.

---

नवखा

एक शंका. युद्ध पेटल्यावर अशी नाती एकदम तुटतात का?

---

दर्यावर्दी

नाही. रशियाचा वायू युक्रेनच्या जमिनीखालच्या वाहिन्यांतून युरोपला जात होता, युद्ध चालू असताना. युक्रेनला त्याचं वहनशुल्क मिळत होतं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं पडत होती आणि खालून वायू वाहत होता. डिसेंबर २०१९चा पाच वर्षांचा करार संपला आणि १ जानेवारी २०२५ला तो थांबला. त्याच दोघांत, तुर्की आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने, जुलै २०२२पासून वर्षभर धान्याची जहाजंही काळ्या समुद्रातून निघाली, तीन कोटी टनांहून जास्त. व्यापाराने युद्ध थांबलं नाही. युद्धानेही व्यापार लगेच थांबला नाही.

जाता जाता, समुद्रतळावरच्या तारांबद्दल. धाग्याची सुरुवात तिथून झाली म्हणून सांगतो, त्या आजही तितक्याच नाजूक आहेत. खंडांमधला जवळजवळ सगळा डेटा तारांतून जातो, उपग्रहांतून फार थोडा. वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात आणि बहुतेक नांगर किंवा मासेमारीच्या जाळ्यांनी. त्यामुळे मुद्दाम तोडलेली तार अपघातात सहज लपते. डिसेंबर २०२४मध्ये फिनलंड-एस्टोनिया वीजवाहिनी तुटली तेव्हा फिनलंडने 'ईगल एस' हे तेलवाहू जहाज ताब्यात घेतलं. त्याने नांगर मैलोगणती ओढत नेल्याचा संशय होता. हेतू सिद्ध करणं मात्र महाकठीण. जानेवारी २०२२मध्ये ज्वालामुखीने टोंगाची एकुलती एक आंतरराष्ट्रीय तार तोडली तेव्हा ती जोडायला पाच आठवडे लागले. दुरुस्तीची जहाजं जगात मोजकी आहेत, आणि संकटात ती आधी कुणाकडे जाणार, हा प्रश्न मला युद्धनौकांच्या संख्येइतकाच गंभीर वाटतो.

---

निळी शाई

+१. साठ्यांबद्दल कुणी बोललं नाही. तेलासाठी निदान एक व्यवस्था आहे. १९७३च्या तेलबंदीत भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले, त्यानंतर १९७४मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था निघाली. तिच्या सदस्यांनी ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायचा असतो आणि गरज पडली तर सगळ्यांनी मिळून सोडायचा. १९९१च्या आखाती युद्धात, २००५च्या कतरिना वादळानंतर, २०११मध्ये लिबियाच्या वेळी आणि २०२२मध्ये दोनदा तो सोडला गेला. खनिजं, औषधद्रव्यं, चिप यांच्यासाठी असा करार का होऊ नये?

---

उत्तरायण

व्हावा, पण अडचण वेगळी आहे. तेल टाकीत भरून ठेवता येतं आणि त्याचे प्रकार थोडे. चुंबकाची प्रत प्रत्येक मोटारीगणिक बदलते, चिप दोन-तीन वर्षांत जुनी होते. आणि जे सर्वांत आधी हरवतं ते कौशल्य टाकीत भरता येत नाही.

कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण एके काळी दुर्मिळ मृदा खनिजांत जगात पहिली होती. २००२मध्ये ती बंद पडली. पुढे पुन्हा सुरू झाली, मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, नव्या मालकाने २०१७मध्ये घेतली. खाण अमेरिकेत, माती अमेरिकेची, पण खणून काढलेला माल वर्षानुवर्षं शुद्धीकरणासाठी चीनला जात राहिला. द्रावणांतून सतरा जवळजवळ सारखी मूलद्रव्यं एकेक करून वेगळी करणारे तंत्रज्ञ, ती यंत्रं बांधणारे कारखाने, तो विषय शिकवणारे विभाग, हे सगळं मधल्या काळात विरलं होतं. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात दुर्मिळ खनिजांना परवाना लावला तेव्हा मोटारकंपन्यांच्या उत्पादनाला काही आठवड्यांत फटका बसला. शुद्धीकरण शिकलेली पिढी तयार व्हायला त्याहून फार जास्त वेळ लागतो. म्हणून वाटसरू म्हणतात त्यातलं एक मी बदलून स्वीकारतो: सगळे कारखाने हद्दीत नसले तरी चालतील, पण प्रत्येक कळीच्या प्रक्रियेचा निदान एक छोटा, तोट्यात चालणारा का होईना, प्रकल्प मित्र देशांच्या गटात जिवंत ठेवावा आणि त्याचा तोटा सगळ्यांनी वाटून घ्यावा. हा खर्च संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावा, म्हणजे स्वस्ताईचं वर्ष आलं की तो पहिला कापला जाणार नाही.